स्थौल्य चिकित्सेतील वनस्पतींची घनसत्त्वे : द्रव्य, मात्रा आणि वैद्याचा विवेक

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत आयुर्वेदीय चिकित्सालयात 'वजन कमी करण्यासाठी काही द्या' अशी मागणी घेऊन येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण लक्षणीय वाढले आहे. हा विषय पूर्वी शहरातील समजला जाई. आता देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही तो नित्याचा झाला आहे. नांगरटीचे बैल जाऊन ट्रॅक्टर आला, मळ्यापर्यंतची पायपीट जाऊन मोटारसायकल आली, बाजरीच्या भाकरीच्या जोडीला बेकरीतील खारी-टोस्ट आले आणि साखरेचा चहा दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. म्हणजे साधारण चार प्रौढांमागे एक.

या मागणीबरोबरच बाजारात वनस्पतींच्या घनसत्त्वांच्या कॅप्सूल मोठ्या प्रमाणावर आल्या आहेत. त्यांपैकी काही आपण लिहून देतो, काही औषध विक्रेते थेट विकतात, तर काही रुग्ण परस्पर मागवतात. प्रस्तुत लेखात या घनसत्त्वांचा शास्त्रीय व व्यावहारिक विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाचे निमित्त

काही वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. तालुक्यातील ३८ वर्षांची एक स्त्री रुग्ण स्थौल्यासाठी माझ्याकडे येत होती. आहार-विहारात तिला अपेक्षित यश येत नव्हते. त्याच सुमारास एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने वजन कमी करणाऱ्या कॅप्सूलची माहिती दिली. 'सर्व वनस्पतिजन्य, कोणताही दुष्परिणाम नाही' या वाक्यावर मी विसंबलो व त्या कॅप्सूल लिहून दिल्या. सहाव्या आठवड्यात रुग्णेला हृल्लास, अरुची व थकवा सुरू झाला. लघवी गडद पिवळी होऊ लागली. रक्ततपासणीत यकृताच्या एन्झाइमांची पातळी कित्येक पटींनी वाढलेली आढळली. कॅप्सूल तत्काळ बंद केल्या व रुग्णेला नाशिक येथे तज्ज्ञांकडे पाठविले. सुदैवाने दोन महिन्यांत सर्व तपासण्या पूर्ववत झाल्या.

त्या कॅप्सूलमुळेच हे घडले, असे ठामपणे म्हणता आले नाही. त्याचे कारणच विचार करण्याजोगे आहे. त्या बाटलीत सात वनस्पतींची घनसत्त्वे होती. प्रत्येकाचे प्रमाण लेबलवर दिले होते, परंतु कोणत्या द्रावकातून काढले, किती तीव्रतेचे, हे कोठेही नव्हते. औषधाच्या दुकानातील पावतीवर बॅच क्रमांक नव्हता. माझ्या रुग्णपत्रकातही 'कॅप्सूल १-०-१' एवढीच नोंद होती आणि उपचारापूर्वी यकृताची तपासणी मी केलेली नव्हती. नाशिकच्या तज्ज्ञांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. हा लेख त्या अनुत्तरित प्रश्नांतून लिहिला आहे.

शास्त्रातील भूमिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या 'अष्टौनिन्दितीय' अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे आठ दोष सांगितले आहेत : आयुष्याचा ऱ्हास, हालचालीत अडथळा, मैथुनात कष्ट, दौर्बल्य, दौर्गंध्य, स्वेदाचा त्रास, अतिक्षुधा व अतिपिपासा. संप्राप्तीच्या दृष्टीने मेदाने स्रोतसे अवरुद्ध होतात, कोष्ठात संचार करणारा वायू अग्नीला प्रदीप्त करतो, घेतलेला आहार शीघ्र पचतो व पुन्हा भूक लागते. मेद वाढत राहतो, इतर धातूंचे पोषण मात्र होत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १५ व्या अध्यायात स्थौल्य व कार्श्य या दोहोंचे मूळ रसधातूत दाखविले आहे.

यावरून चिकित्सेचे सूत्र गुरु व अपतर्पण असे ठरते. प्रदीप्त अग्नीला शांत करण्यासाठी गुरु, परंतु मेद वाढू नये म्हणून अपतर्पण. मध हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. म्हणूनच चरकाचार्यांनी केवळ औषध न सांगता यव, श्यामाक, कोद्रव, मुद्ग, कुलत्थ यांसारखा आहार, गुडूची-भद्रमुस्ता, त्रिफळा, तक्रारिष्ट, मध, विडंग, सुंठ, क्षार, यव-आमलकी चूर्ण, बिल्वादि पंचमूळ व शिलाजतु यांचे प्रयोग आणि त्यांबरोबर जागरण, व्यायाम व चिंतन क्रमाने वाढविण्यास सांगितले. कृशापेक्षा स्थूलाची चिकित्सा अवघड, हेही त्याच अध्यायात स्पष्ट केले आहे. एकाच द्रव्याने मेद वितळेल, असे आश्वासन आपल्या आचार्यांनी कोठेही दिलेले नाही.

घनसत्त्व म्हणजे नेमके काय?

'सत्त्व' या एकाच शब्दाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात.

१) गुळवेल सत्त्व : ताज्या काड्या कुटून पाण्यात कोळल्यावर तळाशी बसणारा पांढरा साका. हा मुख्यतः पिष्टमय पदार्थ आहे.

२) घन : काढा आटवून घट्ट केलेला भाग. संशमनी वटीतील गुळवेलीचा घन हे त्याचे परिचित उदाहरण. रसक्रियेच्या रूपाने ही कल्पना शास्त्रात आहेच.

३) द्रावकातून काढलेला अर्क : अल्कोहोल, इथाइल ॲसिटेट इत्यादींतून वनस्पतीतील विशिष्ट अंश वेगळा काढून एखाद्या घटकाच्या टक्केवारीवर प्रमाणित केलेला.

पहिल्या दोन वस्तूंचा अनुभव आपल्या परंपरेत आहे. तिसरी वस्तू मात्र त्या वनस्पतीचा केवळ एक अंश असते. पाण्यात न उतरणारे घटक त्यात एकवटतात, तर पाण्यात उतरणारे मागे राहतात. त्यामुळे ग्रंथात त्या वनस्पतीचे जे गुण सांगितले, ते सर्व या अर्कात आहेत असे गृहीत धरता येत नाही. ग्रंथात दोष सांगितला नाही, म्हणून अर्कही निर्दोष, असेही म्हणता येत नाही.

मात्रेचा हिशेबही पाहावा. १०:१ या प्रमाणातील ५०० मि.ग्रॅ.च्या एका कॅप्सूलमध्ये ५ ग्रॅम वनस्पतीचा अर्क असतो. दिवसाला चार कॅप्सूल म्हणजे २० ग्रॅम. हेच चूर्ण आपण ३ ते ६ ग्रॅम मात्रेत देतो. काढ्याच्या तुलनेत २० ग्रॅम अधिक नाही, असे कोणी म्हणेल. परंतु काढ्यात उतरणारा अंश व अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश एक नव्हे. केवळ प्रमाणाचा आकडा मात्रा ठरविण्यास पुरेसा नाही.

काही प्रचलित द्रव्यांचा विचार

गुग्गुळ : सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर अभ्यास केला व १९६६ मध्ये तो प्रबंधरूपाने सादर केला. गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते, असे त्यात दिसले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने इथाइल ॲसिटेटमधील अर्क विकसित केला व १९८० च्या दशकात तो 'गुगुलिपिड' या रूपाने भारतात उपलब्ध झाला. ग्रंथातून प्रयोगशाळेकडे आणि तेथून रुग्णाकडे जाणारा हा मार्ग आपल्याला निश्चितच अभिमानास्पद आहे.

परंतु कथा तेथे संपत नाही. २००३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १०३ रुग्णांवरील आठ आठवड्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २.५ टक्के गुग्गुलस्टेरोनवर प्रमाणित केलेला अर्क १ किंवा २ ग्रॅम दिवसातून तीन वेळा दिला होता. त्यात एल.डी.एल. कमी न होता चार-पाच टक्क्यांनी वाढले व काही रुग्णांना त्वचेवर ॲलर्जीचे पुरळ उठले. आहार, प्रकृती व समाज भिन्न होते हे खरे. तथापि तो अभ्यास अर्काचा होता. त्रिफळा क्वाथात शोधित केलेल्या व त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता, चित्रक, विडंगासह दिलेल्या नवक गुग्गुळाचा तो नव्हता. म्हणून त्यावरून नवक गुग्गुळ निरुपयोगी ठरत नाही. त्याचप्रमाणे नवक गुग्गुळाच्या अनुभवावरून अर्क उपयोगी ठरत नाही. हा न्याय दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे.

आणखी एक व्यावहारिक सूचना. गुगुलिपिडबरोबर दिल्यास प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या औषधांची रक्तातील उपलब्धता घटते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसून आले. स्थूल रुग्णांत रक्तदाब व हृद्रोगाची औषधे चालू असण्याचा संभव मोठा. त्यामुळे चालू औषधांची यादी पाहिल्याशिवाय गुग्गुळाचा अर्क देऊ नये. गर्भिणीस गुग्गुळ वर्ज्य करावा. गुग्गुळाची वनस्पती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त गटात आहे. त्यामुळे भेसळीची शक्यताही लक्षात ठेवावी.

वृक्षाम्ल व त्याचे सजातीय : कोकणातील कोकम आणि दक्षिणेकडील मलबार चिंच ही एकाच कुळातील, गार्सिनिया वर्गातील फळे. मलबार चिंचेतील मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आहे, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९६५ मध्ये दाखविले. शर्करेपासून मेद तयार होण्याच्या क्रियेतील एका एन्झाइमला हे आम्ल अडवते, असे पुढे दिसले आणि जगभर त्याच्या कॅप्सूल निघाल्या.

१९९८ मध्ये १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. रोज १५०० मि.ग्रॅ. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले, तर औषधरहित कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.१ किलो. दोन्ही गटांना एकाच प्रकारचा कमी उष्मांकाचा, तंतुमय आहार दिला होता. घट कशाने झाली, हे वेगळे सांगावयास नको. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन कमी करणाऱ्या एका लोकप्रिय बहुघटकी उत्पादनाविरुद्ध इशारा दिला. यकृतविकाराच्या २३ तक्रारी व एक मृत्यू त्यामागे होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी यकृतइजा नोंदणीच्या अभ्यासात गार्सिनियाशी निगडित २२ रुग्ण आढळले. त्यांतील अनेकांच्या उत्पादनात हरित चहाचा अर्कही होता. ठराविक जनुकीय प्रकार असणाऱ्यांत ही इजा अधिक दिसते. थोडक्यात, शंभरांतील नव्व्याण्णवांना काही होणार नाही. पण तो एक कोण, हे आधी ओळखता येत नाही.

येथे आपल्या शास्त्राची दृष्टीही पाहण्यासारखी आहे. चरकाचार्यांनी वृक्षाम्लाचा समावेश हृद्य महाकषायात केला, लेखनीय महाकषायात नव्हे. लेखनीय गणात मुस्ता, कुष्ठ, हरिद्रा, दारुहरिद्रा, वचा, अतिविषा, कटुकी, चित्रक, चिरबिल्व व हैमवती ही प्रामुख्याने तिक्त-कटू द्रव्ये आहेत. अम्ल रस तर बृंहण सांगितला आहे. जेवणातील सोलकढी वा आमसूल हा आपला सात्म्य आहार. त्यातील एक आम्ल ५०-६० टक्क्यांपर्यंत एकवटून महिनोन्महिने घेणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना 'कोकमच ते' म्हणून एका मापाने मोजू नये.

माकडशिंगी : दख्खनच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर उगवणारी ही मांसल वनस्पती. दुष्काळात व रानात भूक मारण्यासाठी ती खाल्ली जात असे. बंगळूर येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० व्यक्तींना ६० दिवस रोज १ ग्रॅम अर्क दिला. कमरेचा घेर व भुकेची भावना तुलनेने घटली. वजनातील घट मात्र दोन गटांत लक्षणीय भिन्न नव्हती. भूक हे स्थौल्यातील लक्षण आहे. लक्षण दबल्याने संप्राप्ती मोडतेच असे नाही. अभ्यास आशादायक आहे, परंतु लहान आहे.

गुळवेल व हरित चहा : गुडूची चरकोक्त स्थौल्यहर प्रयोगातच आहे. म्हणून पुढील घटना आपल्याला अधिक जवळची आहे. करोनाच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतशोथ नोंदविला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला व गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ नये, असे सुचविले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या वादात वैद्याने कोणती बाजू घ्यावी, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. आपल्या रुग्णाला दिलेली काडी कोणत्या जातीची, किती मात्रेत, किती दिवस, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. हरित चहाच्या अर्काबाबत युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे मत दिले की, त्यातील ई.जी.सी.जी. हा घटक रोज ८०० मि.ग्रॅ. वा अधिक घेतल्यास यकृताच्या एन्झाइमांत वाढ दिसते. कपातील चहा व कॅप्सूलमधील चहा यांतील भेद येथेही तोच.

नव्या इंजेक्शनांविषयी

२०२५ मध्ये टिर्झेपेटाइड व वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात उपलब्ध झाली. रुग्ण त्याविषयी विचारतात व पुढेही विचारतील. सेमाग्लुटाइडच्या ६८ आठवड्यांच्या अभ्यासात सरासरी वजन सुमारे १५ टक्के घटले. कोणत्याही वनस्पतीच्या अर्कापाशी या तोडीचा पुरावा आज नाही, हे रुग्णाला प्रांजळपणे सांगण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. आपले बलस्थान निदानपरिवर्जन, अग्नीचा विचार व दिनचर्या हे आहे. अशी इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णाचा आहार आधीच घटलेला असतो. त्याला तीव्र लंघन वा भूक दाबणारा अर्क देऊ नये.

चिकित्सेतील क्रम

वरील प्रसंगानंतर माझ्या चिकित्सालयात पुढील क्रम पाळला जातो. व्यवसायबंधूंनी आपल्या अनुभवाने त्यात भर घालावी.

१) प्रथम भेटीत वजन, उंची व कमरेचा घेर यांची नोंद. भारतीयांसाठी २३ चा बी.एम.आय. जादा वजनाची व २५ चा स्थौल्याची सीमा मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी. पेक्षा अधिक नसावा.

२) थायरॉइड, रक्तशर्करा, लिपिड व यकृताच्या तपासण्या. चालू असलेली सर्व औषधे, परस्पर घेतलेल्या कॅप्सूल व पावडरींसह, लिहून घेणे.

३) पहिले सहा ते आठ आठवडे केवळ निदानपरिवर्जन व अपतर्पण. दिवसा झोप व गोड चहा बंद, रात्रीचे जेवण लवकर, ज्वारी-बाजरी-जव, मूग, कुळीथ, ताक. मधोदक देताना पाणी कोमट नव्हे, साधे असावे व मधुमेही रुग्णास ते देऊ नये. रोजचे चालणे व उद्वर्तन.

४) त्यानंतर आवश्यकतेनुसार शास्त्रोक्त कल्प : त्रिफळा, नवक गुग्गुळ इत्यादी. लेखन बस्ती केवळ बलवान व योग्य रुग्णांत.

५) घनसत्त्व द्यावयाचेच असल्यास एका वेळी एकाच वनस्पतीचे व ठराविक मुदतीपुरते. रुग्णपत्रकात वनस्पती, अंग, द्रावक, प्रमाण, मात्रा, बॅच क्रमांक व आरंभाची तारीख. चौथ्या व आठव्या आठवड्यात यकृताची तपासणी.

६) अरुची, हृल्लास, कंडू, गडद लघवी यांपैकी काहीही आढळल्यास सर्व कॅप्सूल बंद करून तत्काळ येण्याची सूचना रुग्णाला लेखी देणे.

संशयित दुष्परिणाम आयुष औषध दक्षता कार्यक्रमाकडे कळविण्याची सोय आहे. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. नोंद करणे म्हणजे आयुर्वेदाची बदनामी करणे, हा समज सोडावयास हवा. आपण नोंद केली नाही, तर ती दुसरे कोणी करतात आणि तेव्हा आपल्याजवळ उत्तर नसते.

औषध विक्रेत्यांसाठी

१) लेबलवरील परवाना पाहावा. आयुर्वेदीय औषधावर औषध उत्पादनाचा परवाना असतो. केवळ १४ अंकी अन्न परवाना असलेली वस्तू ही पूरक आहार होय, ती 'औषध' म्हणून देऊ नये.

२) १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. 'महिन्यात दहा किलो कमी' असा फलक लावणे हा कायदेभंग ठरू शकतो.

३) भूक एकाएकी नाहीशी होणे, छातीत धडधड, झोप उडणे व तोंडाला कोरड पडणे अशा तक्रारी कोणत्याही 'वनस्पतिजन्य' कॅप्सूलने झाल्यास भेसळीचा संशय घ्यावा. २०११ मध्ये भारतात बंदी आलेले सिब्युट्रामिन हे रासायनिक औषध जगभर अशा उत्पादनांत लपवून मिसळलेले आढळले आहे.

४) प्रत्येक विक्रीच्या पावतीवर बॅच क्रमांक लिहावा. माझ्या रुग्णेच्या वेळी हा एक क्रमांक असता, तर चौकशी पुढे सरकली असती.

निष्कर्ष

वनस्पतींच्या अर्कांना सरसकट विरोध करण्याचा या लेखाचा हेतू नाही. गुग्गुळाचा इतिहास पाहता उद्याचे उत्तम औषध त्यांतूनच येऊ शकेल. परंतु द्रव्य व त्याचा अर्क या दोन भिन्न वस्तू आहेत. ग्रंथप्रामाण्य द्रव्याला आहे, अर्काला त्याचे स्वतःचे प्रमाण मिळवावे लागेल. ते मिळेपर्यंत स्थौल्यात अर्काचे स्थान साहाय्यक, मर्यादित मुदतीचे व नोंदपूर्वक वापराचे असावे. आहार-विहाराचा मुख्य उपचार त्याने बाजूला पडू नये. 'आयुर्वेदीय औषध आहे, काही होत नाही' हे वाक्य आपण स्वतः उच्चारणे थांबविले, तर रुग्णाचा आपल्यावरील विश्वास कमी न होता वाढेल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.